डबीची मागची बाजू

गेल्या शनिवारी मावसबहीण घरी आली. पर्समधून दोन बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, "दादा, मोबाईल घेताना महिनाभर स्पेक्स बघत बसतोस ना? मग सांग आता, यातलं कुठलं चांगलं?"

एक सीरम चारशेचं, दुसरं चौदाशेचं. महागड्या बाटलीवर केशराची फुलं आणि "नायसिनामाइडयुक्त" असं सोनेरी अक्षरात. स्वस्त बाटली म्हणजे थेट औषधाची. आता आमचं कातडीबद्दलचं ज्ञान म्हणजे साबण आणि थंडीत व्हॅसलीन! पण डॉक्युमेंटेशन वाचायची खोड जात नाही, त्यामुळे दोन्ही बाटल्या उलट्या केल्या. मागची यादी मुंगीच्या अक्षरात होती, मोबाईलच्या कॅमेऱ्यानं मोठी करून वाचली. त्यातून जे कळलं ते इथे लिहून ठेवतोय.

ही यादी कशीही लिहिलेली नसते. आपल्याकडच्या २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्सप्रमाणे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमानं द्यावे लागतात. म्हणून पहिलं नाव बहुतेक वेळा पाणी, म्हणजे 'अ‍ॅक्वा'. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक मात्र त्यानंतर कुठल्याही क्रमानं लिहिता येतात. गोम इथेच आहे. ही एक टक्क्याची रेघ यादीवर छापलेली नसते, ती आपण शोधायची.

त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. फिनॉक्सीइथेनॉल हे नाव शोधा. हे प्रिझर्व्हेटिव्ह खूप उत्पादनांत असतं आणि ते जास्तीत जास्त एक टक्का वापरतात. म्हणजे त्याच्या नंतर जे जे लिहिलंय, ते सगळं एक टक्का किंवा त्याच्या आतलं. चौदाशेच्या बाटलीत नायसिनामाइड आणि केशर (यादीतलं नाव 'क्रोकस सॅटायव्हस') दोघंही फिनॉक्सीइथेनॉलच्या मागे उभे होते! चारशेच्या बाटलीत नायसिनामाइड तिसऱ्या नंबरवर, आणि वर पाच टक्के असा स्पष्ट आकडा. नायसिनामाइडवर जे अभ्यास झालेत ते साधारण दोन ते पाच टक्क्यांवर. मग वरचे हजार रुपये कशाचे? फुलांच्या चित्राचे.

आता यावरून "जे यादीत वर ते चांगलं" असा सरधोपट निष्कर्ष काढू नका. रेटिनॉल एक टक्क्याच्या आतही काम करतं, हायलुरॉनिक अ‍ॅसिडही थोडंसंच लागतं. उलट क जीवनसत्त्व एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिडच्या रूपात दहा ते वीस टक्के लागतं, तेही आम्ल द्रावणात, आणि हवा-उजेड लागला की ते पिवळं-तपकिरी पडून वाया जातं. म्हणजे प्रत्येक घटकाचा डोस वेगळा. नुसतं नाव असून भागत नाही, किती आहे ते कळायला हवं. आणि नेमका तोच आकडा छापण्याची सक्ती सौंदर्यप्रसाधनांवर नाही.

दुसरी गंमत म्हणजे जे खरंच काम करतं ते बहुतेक वेळा स्वस्त असतं आणि जाहिरातीत नसतं. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं. पेट्रोलियम जेली त्वचेतलं पाणी उडू देत नाही. नायसिनामाइड रंगद्रव्य वरच्या पेशींत जाण्याचा वेग थोडा कमी करतं, म्हणून डाग हळूहळू फिके होतात. हळूहळू म्हणजे आठ-बारा आठवड्यांनी. आणि उन्हात सनस्क्रीन न लावता फिरलात तर ही सगळी मेहनत पाण्यात.

इथवर सगळं मजेत चाललं होतं. मग तिनं पर्समधून एक छोटी ट्यूब काढली. "आणि ही? मैत्रिणीनं सांगितली, आमच्या खालच्या केमिस्टकडे मिळते. पंधरा दिवसांत काय गोरी दिसायला लागले होते! पण आता नाही लावली की चेहरा लाल होतो, चुरचुरतो. म्हणून आठ महिने झाले, रोज लावते."

ती ट्यूब उलटी केली. हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के, मोमेटासोन ०.१ टक्के. औषध असल्यामुळे आकडे अगदी चोख. मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. हे मिश्रण त्वचारोगतज्ज्ञ वांगावर काही आठवडे, देखरेखीखाली देतात. ते महिनोन्‌महिने चोपडलं तर त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुरळ येतं आणि थांबवलं की चेहरा पेटतो. पेटला म्हणून पुन्हा लावायचं. २०१८ साली सरकारनं बऱ्याच स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. तरी ही ट्यूब तिला एका शब्दावर मिळाली होती.

तिला सोमवारीच डॉक्टरांकडे पाठवलं. एकदम बंद करायचं की हळूहळू, ते त्यांनाच ठरवू दे म्हटलं.

या ट्यूबवर निदान सगळं छापलेलं तरी होतं. काही डब्यांवर तेही नसतं. २०२४ मध्ये केरळमधल्या डॉक्टरांचा एक शोधनिबंध आला. मेम्ब्रेनस नेफ्रोपथी या मूत्रपिंडाच्या आजाराचे २२ रुग्ण त्यांनी अभ्यासले. १५ जणांत आजाराचा एक विशिष्ट प्रकार दिसला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम लावत होते. संशय पाऱ्यावर. पारा रंगद्रव्य बनू देत नाही, पण तो त्वचेतून आत जाऊन मूत्रपिंडात साठतो. तेव्हा ज्या डबीला मागची बाजूच नाही, घटक नाहीत, उत्पादकाचा पत्ता नाही, ती कितीही "इंपोर्टेड" असो, सरळ कचऱ्यात.

माझं म्हणणं एवढंच. समोर ज्या घटकाचं नाव मोठ्या अक्षरात छापता, त्याची टक्केवारी मागे छापण्याची सक्ती झाली पाहिजे. त्यात कुठलं व्यापारी गुपित फुटतं? बिस्किटाच्या पुड्यावर साखर किती ग्रॅम ते लिहितातच की.

आणि यादी वाचून न सुटणारा एक बग आपल्यातच आहे. १९७५ साली आलेली फेअर अँड लव्हली २०२० मध्ये ग्लो अँड लव्हली झाली. नाव बदललं, पण लग्नाच्या बायोडेटात आणि मावश्या-आत्यांच्या बोलण्यात 'उजळ' हा शब्द अजून आहेच. बहिणीला विचारलं, ट्यूब आणलीस कशाला? म्हणाली, "अरे, स्थळं बघतायत ना."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चारशेची बाटली तिच्या पर्समध्ये परत टाकली, सनस्क्रीन घे म्हटलं, आणि संध्याकाळी मावशीला फोन लावला. तो बराच वेळ चालला. असो.