सार्वजनिक म्हणजे कोणाचे?

गोल्फ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कुंपण, दरवान आणि धनिकांचा क्लब उभा राहतो. परंतु स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजचा जगप्रसिद्ध 'ओल्ड कोर्स' सार्वजनिक आहे, हे वाचून मला आश्चर्य वाटले.

तेथील माळावर खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क १५५२ च्या सनदेतच नोंदलेला आहे. १७९७ साली कर्जबाजारी नगरपालिकेने ही जमीन हातची घालवली. पुढे तेथे ससे पाळले जाऊ लागले, तेव्हा गोल्फ खेळणारे वर्षानुवर्षे भांडले. अखेर १८९४ च्या कायद्याने जमीन पुन्हा गावाची झाली.

आज पाहुण्याला तेथे क्लबाचे सभासद व्हावे लागत नाही. दोन दिवस आधी नाव द्यायचे, मग सोडत निघते. सोडतीला वशिला कळत नाही. एरव्ही रविवारी खेळ बंद असतो. त्या दिवशी जगज्जेत्यांच्या हिरवळीवर कोणीही मुलाबाळांसह फिरावे!

परंतु हंगामात एका फेरीचे शुल्क तीनशे पौंडांहून अधिक आहे. काही वेळा तर सहल-कंपन्यांच्या महागड्या पॅकेजांतून आधीच विकल्या जातात. म्हणजे दार उघडे, पण उंबरठा उंच! घरातून प्रथमच कॉलेजात आलेल्या माझ्यासारख्यांना ही उंची चटकन दिसते.

तरीही माझे मत असे, की पाहुण्याकडून पैसे जरूर घ्यावेत. गावकऱ्याचा हक्क मात्र विकू नये. तेथे गावकऱ्यांना वर्षाचे तिकीट सवलतीत मिळते, ते योग्यच आहे. मित्रहो, आपल्याकडेही गायराने आहेत. ती कागदावर गावाची असून भागत नाही. त्यांच्यासाठी भांडणारे गावही लागते.