फॅमिलिॲरिटी ब्रीड्स कन्टेम्प्ट

कॉलेजात शिकणारं पोर घरी येऊन ही इंग्रजी म्हण ऐकवतं, तेव्हा आजीला वाटतं, नातवानं काहीतरी नवलाचं सांगितलं. वास्तविक ती आजीचीच म्हण. ‘अतिपरिचयात अवज्ञा’ असं आपल्याकडे पूर्वापार म्हणतात.

शब्द पाहू. ‘फॅमिलिॲरिटी’ म्हणजे रोजची घसट. ‘ब्रीड’ हा तर आता गोठ्यातला शब्द झाला आहे. गाय कोणत्या ब्रीडची, असं आपणच विचारतो. इथं त्याचा अर्थ पैदास करणे. ‘कन्टेम्प्ट’ म्हणजे तुच्छता. थोडक्यात, घसट वाढली की किंमत उतरते.

चौदाव्या शतकातल्या चॉसर या इंग्रज कवीच्या लिखाणातही हा विचार आहे. इसापाचा कोल्हा पहिल्यांदा सिंह पाहून अर्धमेला झाला, दुसऱ्यांदा थोडा बिचकला आणि तिसऱ्यांदा जवळ जाऊन गप्पाच मारू लागला. आपल्या सुभाषितकारानं मात्र मलय पर्वतावरची भिल्लीण निवडली. तिच्या अवतीभवती चंदनच चंदन, म्हणून ती चुलीत चंदन जाळते. मला विचाराल तर हा दाखला जास्त चपखल.

माणसांविषयी ही म्हण वापरताना जपावं. जावई आठवड्याला सासुरवाडीस येऊ लागला, तर ती माघारी म्हणावी. तोंडावर म्हटली की टोमणा होतो.

पण कोल्ह्याच्या गोष्टीत किंमत उतरली नाही, धाक उडाला. धोक्याच्या कामाबद्दल इंग्रजीत ही म्हण याच अर्थानं येते. तिथं ‘कन्टेम्प्ट’ म्हणजे बेफिकिरी. आपल्या घराशी हा अर्थ अधिक जवळचा. फवारणीच्या औषधाचा डबा पहिल्यांदा घरात आला, तेव्हा तो उंच फळीवर, पोरांपासून लांब ठेवला होता. चार हंगाम गेले आणि तो पिठाच्या डब्याशेजारी आला. त्यावरचा लाल त्रिकोण, म्हणजे सर्वांत जहाल विष, आता कोणाच्या नजरेस पडत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. सगळा दोष सवयीचा नव्हे. हातमोजे, मास्क पुष्कळांच्या हाती पोचलेच नव्हते. तरी उघड्या हातानं औषध कालवणं, वाऱ्याच्या तोंडावर फवारणं, मध्येच तंबाखू मळणं, हे सवयीचंच.

आणि नोझल तुंबला की तोंडानं फुंकणं. त्यासाठी दात घासायचा जुना ब्रश पंपालाच बांधून ठेवावा.