कडीचा आवाज

"आजी, दार लाव. पारधीण आली."

माझा नातू साडेचार वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात एका दुपारी तो ओसरीवर ट्रॅक्टर फिरवत बसला होता. गल्लीच्या तोंडाशी "माय, भाकर वाढ गं" अशी हाक आली आणि मान वर न करता त्यानं मला हे सांगितलं. आवाजात भीती नव्हती. पाऊस आला, वाळवण उचल, असं सांगावं तसं.

मी तेहतीस वर्षं सोलापूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यातली बहुतेक पहिली-दुसरीच्या वर्गावर. मूल जे बोलतं ते कुणाकडून तरी उचललेलं असतं, एवढं मला कळतं. त्याला हे कुणी शिकवलं? सुनेनं नाही, मुलानं नाही. आमच्या घरात कुणाच्या जातीवरून बोलत नाहीत. मग मी हाक आल्यावर काय होतं ते पाहू लागले. शेजारच्या वहिनी ओट्यावरची घागर आत नेतात. समोरची बाई दोरीवरच्या चादरींवरून नजर फिरवते, पोराला दंडाला धरून घरात घेते. मग एकामागून एक कड्या लागतात. आमच्या दाराचीही लागते. कुणी चकार शब्द काढत नाही. आधी हाक, मागोमाग कडी. माझ्या नातवानं हे किती वेळा ऐकलं असेल!

मी त्याला विचारलं, "पारधीण काय करते रे?" त्याला उत्तर सुचेना. बराच वेळ विचार करून म्हणाला, "ती आली की दार लावायचं."

चोरी या शब्दाचा अर्थ त्याला अजून नीट ठाऊक नाही. तो शब्द पुढे येईल आणि आधीच सारवून ठेवलेल्या जागेवर पाट मांडून बसेल. कारण मागाहून येतं, कडी आधी लागते. पूर्वग्रह हा चुकीच्या माहितीमुळे होतो, माहिती दिली की जातो, असं मीही वर्षानुवर्षं समजत होते. नातवाच्या त्या उत्तरानं माझी ती समजूत गेली.

डी.एड.च्या पुस्तकात आम्हाला वॉटसन या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग होता. अमेरिकेत बाल्टिमोरला त्यानं आणि त्याच्या सहकारी रोझाली रेनर यांनी तो केला, १९२० मध्ये छापला. जेमतेम अकरा महिन्यांचं बाळ. त्याला पांढऱ्या उंदराची भीती नव्हती, हात लावायचं. मग उंदीर समोर आला की मागे लोखंडी दांड्यावर हातोडा मारायचे. काही वेळा असं झाल्यावर नुसता उंदीर पाहून बाळ रडू लागलं. पुढे सशालाही भ्यालं, कुत्र्यालाही, केसाळ कोटालाही. ती भीती काढून न टाकताच बाळाला तिथून नेलं गेलं. परीक्षेसाठी मी हे घोकलं होतं. आमच्या गल्लीतली कडी म्हणजे तोच दांडा, हे कळायला मला आजी व्हावं लागलं.

हा दांडा पहिल्यांदा सरकारनं वाजवला. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९११ मध्ये तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पारध्यांसारख्या जमातीत जन्मला म्हणून माणूस गुन्हेगार. नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवाना. सोलापुरात तारेचं कुंपण घालून अशा माणसांची वसाहत केली होती, त्या भागाला लोक आजही सेटलमेंट म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला आणि हे लोक विमुक्त झाले. तोवर आमच्याकडे चाळीसेक वर्षं गावोगावच्या पाटलांनी, फौजदारांनी आणि त्यांचं पाहून आमच्या पणज्यांनी हा धडा गिरवला होता. कायदा गेला, तरी गिरवलेलं हाताला राहिलं. "जेव, नाहीतर पारधी नेईल" म्हणत आईनं मला घास भरवले आहेत. तिनं आयुष्यात एकाही पारध्याशी भांडण केलेलं मला आठवत नाही.

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर घरातही सांगितलेलं नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या दुसरीच्या वर्गात एक फासेपारध्याची मुलगी होती. गायरानात त्यांची पालं होती. एकदा मुलांकडून गोळा केलेले पैसे टेबलावर दिसेनात. मी वर्गाला विचारलं, "पैसे कुणी पाहिले?" कुणाचं नाव घेतलं नाही. पण विचारताना माझी नजर कुठे गेली ते सगळ्या वर्गानं पाहिलं, आणि चाळीस माना तिकडे वळल्या. मी पुढे काही बोलायच्या आत ती उठली आणि तिनं आपलं दप्तर फरशीवर पालथं केलं. खताच्या पिशवीचं शिवलेलं दप्तर. पाटी, पेन्सिलीचे दोन तुकडे, फडक्यात बांधलेली अर्धी भाकरी. फडकं सुटलं आणि भाकरी फरशीवर पडली. तिनं ती उचलली, फुंकर मारून परत बांधली. ती रडली नाही. सात वर्षांच्या त्या मुलीला अशा वेळी काय करायचं असतं ते पाठ होतं.

पैसे माझ्याच हजेरीपटाच्या पानांत निघाले. मी वर्गाला तसं सांगितलं. तिची माफी मात्र मागितली नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर पालं उठून गेली आणि ती पुन्हा शाळेत आली नाही. त्या दिवशी चाळीस मुलं माझ्याकडून जे शिकली ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हतं.

"पण चोऱ्या होतात त्याचं काय?" असं मला विचारतात. होतात. चोराला धरावं, शिक्षा व्हावी. आमच्या गावातल्या कितीतरी लोकांच्या ठेवी एका पतसंस्थेत बुडाल्या. तिच्या संचालकांच्या जातीची माणसं रस्त्यानं निघाली म्हणून कुणी पोरांना आत ओढलं नाही.

वर्तमानपत्रांना माझी हात जोडून विनंती आहे. 'पारधी टोळी जेरबंद' असे मथळे मी आयुष्यभर वाचत आले. दुसऱ्या कुठल्या जातीचं नाव असं टोळीला जोडलेलं छापता का? आरोपीचं नाव छापा, गाव छापा. जमातीचं नाव छापलं की घराघरात कडी वाजते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगांतली जातीवरून कामांची वाटणी घटनाबाह्य ठरवली, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये म्हणून पोलिसांना बजावलं. ती याचिका एका पत्रकार महिलेची होती. तुरुंगाच्या वहीतून रकाना जाऊ शकतो तर मथळ्यातूनही जाऊ शकतो. आणि शाळांनी एवढा एक नियम करावा: वर्गात काही हरवलं तर कुणाही मुलाच्या दप्तराची झडती घ्यायची नाही, मुलानं स्वतःहून पुढे केलं तरी नाही.

वॉटसननंतर चार वर्षांनी, १९२४ मध्ये, मेरी कव्हर जोन्स या बाईंनी उलटं करून दाखवलं. पीटर नावाचा सुमारे तीन वर्षांचा मुलगा सशाला भ्यायचा. त्याला आवडीचं खायला द्यायचं आणि पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा, मग हळूहळू जवळ आणायचा. सशाला न भिणारी मुलंही आसपास खेळत असायची. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. कुणी त्याला सशावर भाषण दिलं नव्हतं. माणसाला सशाच्या जागी ठेवणं मला रुचत नाही, पण यातली पंगत मला पटते. शाळेत खिचडी शिजू लागली तेव्हा पालावरची मुलं आपोआप रांगेच्या टोकाला बसायची. मी त्यांना मध्ये बसवू लागले आणि त्यांच्या शेजारी ताट घेऊन स्वतः बसू लागले. पहिल्या आठवड्यात दोन आया भांडायला आल्या. पावसाळा संपेपर्यंत मुलं एकमेकांच्या ताटातली मिरची काढून देत होती.

परवा भाकर मागणारी ती बाई पुन्हा आली, काखेला पोर. मी नातवाचं बोट धरून बाहेर गेले आणि तिला पायरीवर बसायला सांगितलं. भाकरी-कालवण दिलं, पाणी आमच्या रोजच्या पितळी तांब्यातून. नातू माझा पदर घट्ट धरून मागे उभा होता. काखेतलं पोर त्याच्या ट्रॅक्टरकडे एकटक पाहत होतं. त्यानं ट्रॅक्टर दिला नाही, पण मागेही लपवला नाही. तेवढ्यात समोरच्या घराची कडी वाजली. नातवानं मान वळवून त्या दाराकडे पाहिलं, मग पायरीवर भाकरी मोडणाऱ्या बाईकडे, आणि पुन्हा त्या दाराकडे.