भिलाईचा रूळ आणि संगणकातले रंगीत चित्र

भिलाई पोलाद कारखान्यात लाटला जाणारा १३० मीटरचा रूळ थंड होताना मीटरभराहून अधिक आकसतो, पण सरळ आकसत नाही. माथा जाड, तळाच्या कडा पातळ. कडा आधी निवतात, माथा मागे राहतो आणि रूळ वाकतो. रोलरने तो सरळ केला तरी आत ताण उरतात. त्यावरून पुढे वर्षानुवर्षे गाड्या धावायच्या असतात.

हे तापमान आधीच जाणण्यासाठी फायनाइट एलिमेंट पद्धत वापरतात. रुळाचा छेद हजारो लहान घटकांत विभागायचा आणि प्रत्येकाचा उष्णतेचा जमाखर्च शेजाऱ्यांशी जुळवायचा. १९६० मध्ये क्लफ यांनी या पद्धतीला नाव दिले. आज ती साध्या संगणकावरही चालते. त्यामुळेच जाळी बारीक केली की उत्तर अचूक झाले, असा समज बळावला आहे. तो भ्रामक आहे. तप्त पोलादाची उत्सर्जकता ०.८ ऐवजी ०.७ धरली, तर प्रारणाने जाणारी उष्णता आठव्या हिश्शाने कमी भरते. ही चूक कितीही बारीक जाळीने सुधारत नाही. शिवाय कूलिंग बेडवर शेजारचा रूळही तापलेलाच असतो, आणि अंतर्रचना बदलताना पोलाद स्वतःच उष्णता सोडते.

२०१६ मध्ये स्थापन झालेली आयआयटी भिलाई आज कारखान्याच्याच दुर्ग जिल्ह्यात आहे. असा शेजार फार थोड्या संशोधकांना लाभतो. इथे पहिला खर्च महागड्या सॉफ्टवेअरवर नव्हे, तर रुळाला जोडलेल्या थर्मोकपलवर व्हावा. नोंदी मे महिन्यातल्याही हव्यात आणि भर पावसातल्याही. आणि त्या इतर संशोधकांना खुल्या असाव्यात.