स्टेंट न टाकणे हाही उपचारच

तीन आठवड्यांपूर्वी बाळंत झालेली एक तरुणी छातीत दुखते म्हणून आमच्या सरकारी रुग्णालयात आली. रात्री दुखू लागले तेव्हा घरच्यांनी ‘पित्त असेल’ म्हणून ओव्याचे पाणी दिले होते. ईसीजी आणि ट्रोपोनिनच्या तपासणीत हृदयविकाराचा झटका निघाला. तिला ना मधुमेह, ना रक्तदाब, ना तंबाखूची सवय. अँजिओग्राफीत चरबीचा अडथळा नव्हता. हृदयाच्या रक्तवाहिनीला आतून चीर पडली होती.

या आजाराला ‘स्कॅड’ म्हणतात. वाहिनीच्या भिंतीत रक्त साचते आणि आतली वाट दबते. 1931 मध्ये एका 42 वर्षांच्या स्त्रीच्या शवविच्छेदनात त्याची पहिली नोंद झाली. रुग्णांत बहुसंख्य स्त्रियाच असतात. बाळंतपणानंतरचे दिवस, तीव्र मानसिक धक्का किंवा अचानक पडलेला शारीरिक ताण यांचा त्याच्याशी संबंध आढळतो.

‘‘डॉक्टर, स्टेंट का टाकत नाही? सरकारी दवाखाना म्हणून का?’’ तिच्या दिराने विचारले. प्रश्न रास्त होता. पण चीर पडलेल्या भिंतीतून तार सरकवताना ती आणखी फाटू शकते, स्टेंटच्या दाबाने साचलेले रक्त पुढे सरकून वाहिनी बंद होऊ शकते. उलट, बहुतेक रुग्णांत ही चीर काही आठवड्यांत-महिन्यांत आपोआप भरून येते. म्हणून रुग्ण स्थिर असेल तर काही दिवस रुग्णालयात देखरेख, बीटा ब्लॉकरसारखी औषधे आणि नंतर नियमित तपासणी, हाच पहिला मार्ग. दुखणे थांबत नसेल, रक्तदाब कोसळत असेल किंवा डावीकडची मुख्य वाहिनीच फाटली असेल, तर मात्र अँजिओप्लास्टी किंवा बायपास करावी लागते.

‘काहीतरी करा’ हा नातेवाइकांचा आग्रह मी समजू शकतो. पण त्या दबावाखाली टाकलेला स्टेंट रुग्णाला महागात पडू शकतो. थांबायचे का, हे समजावून सांगणे डॉक्टरांचे काम आहे आणि त्यासाठी वेळ काढलाच पाहिजे.

मात्र हा संयम निदान झाल्यानंतरचा. त्याआधी थांबणे धोक्याचेच. तरुण बाईच्या छातीत दुखले, दम लागला, घाम फुटला, तर ‘पित्त’, ‘टेन्शन’ म्हणून तिला घरी ठेवू नका आणि डॉक्टरांनीही ईसीजी न काढता परत पाठवू नये.

ती तरुणी आठवड्याने बाळाला घेऊन घरी गेली. स्टेंटशिवाय.