यंत्र आपले, किल्ली कुणाची?

संगणक सुरू होईनासा झाला की आपण काय करतो? तो पिशवीत घालून बाजारात नेतो. दुकानदार चारपाचशे रुपये घेऊन त्यात 'विंडोज टाकून' देतो आणि आपण निश्चिंत मनाने घरी येतो. त्याने काय टाकले, ते कोठून आणले, आपल्या जुन्या फायलींचे काय केले, हे आपण विचारीत नाही. दोन-तीन वर्षे संगणक हा विषय घेतलेला विद्यार्थीदेखील विचारीत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की, ज्याच्या घरी संगणक आहे त्याने तो मुळापासून उभा करणारी एक तबकडी किंवा पेनड्राइव्ह एकदा तरी स्वतःच्या हाताने तयार केलाच पाहिजे. काम एका दुपारचे आहे. ते न येण्याची किंमत मात्र फार मोठी आहे.

ही किंमत मी पाहिली ती सुरतेच्या कतारगाम भागात. कतारगाम म्हणजे हिऱ्यांच्या कारखान्यांची वस्ती. पोटापाण्यासाठी खानदेश सोडून सुरतेला गेलेल्या मराठी कुटुंबांपैकी काही येथे आहेत; माझ्या मावशीचे घर त्यांतलेच एक. तेथे अनेक घरांत मुलांच्या शिक्षणासाठी आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेले संगणक आहेत. २०२४-२५ च्या मंदीत हिऱ्यांचे काम कमी झाले, पगार आटले. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद केला. नावनोंदणी करणाऱ्यांना तेवढी आणखी एका वर्षाची मुदत ठेवली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि ठरावीक प्रोसेसर लागतात. साधारण २०१८ च्या आधीचे बहुतेक संगणक या अटींत बसत नाहीत. दुकानात एकच उत्तर मिळते : "नवा घ्या." धडधाकट यंत्र भंगारात घालायचे आणि कर्ज काढून दुसरे आणायचे, हा कुठला न्याय?

खरे पाहता यंत्र म्हातारे झालेले नसते. त्याला लागते ती दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम, आणि ती बसविण्यासाठी तबकडी. येथेच पुष्कळांची फसगत होते. इंटरनेटवरून 'आयएसओ' नावाची मोठी फाइल उतरवून घेतात, ती तशीच पेनड्राइव्हवर कॉपी करतात आणि संगणक तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही म्हणून हताश होतात. बियाण्याचे पोते शेतात नेऊन ठेवले म्हणजे पेरणी होत नाही, तसलाच हा प्रकार.

कारण समजून घेतले पाहिजे. वीज सुरू होते तेव्हा संगणकाची स्मृती कोरी असते. मदरबोर्डवरील एका चिपमध्ये साठवलेला लहानसा प्रोग्रॅम प्रथम जागा होतो आणि पुढचा प्रोग्रॅम कोठे आहे याचा शोध घेतो. हा शोध ठरलेल्या जागीच घेतला जातो. जुन्या पद्धतीत ती जागा म्हणजे डिस्कचे पहिले ५१२ बाइट. सीडीसाठी १९९५ मध्ये 'एल टोरिटो' नावाचा वेगळा संकेत ठरला. आजच्या यूईएफआय पद्धतीत ठरावीक नावाच्या फोल्डरातील ठरावीक फाइल शोधली जाते. आयएसओ फाइलमध्ये ही सारी मांडणी आधीच बांधलेली असते. म्हणून ती 'इमेज' म्हणून तबकडीवर उतरवावी लागते. विंडोजवर रुफससारखा मोफत प्रोग्रॅम आणि लिनक्सवर 'डीडी' ही आज्ञा हेच काम करते. सीडीत ७०० मेगाबाइट आणि साध्या डीव्हीडीत ४.७ गिगाबाइट मावतात. उबुंटूची २०२४ ची आवृत्ती डीव्हीडीतही मावत नाही, तिला आठ गिगाबाइटचा पेनड्राइव्ह हवा.

आणखी एक पायरी आहे, जी जवळजवळ सगळेच गाळतात. उतरवलेली फाइल शाबूत आहे की नाही हे तपासण्यासाठी तिच्यासोबत अंकाक्षरांची एक लांबलचक ओळ दिलेली असते, तिला 'चेकसम' म्हणतात. आपल्या फाइलीवरून काढलेली ओळ तिच्याशी तंतोतंत जुळली पाहिजे. कतारगामातला रत्नकलाकार भिंगातून पाहिल्याखेरीज हिरा हातावेगळा करीत नाही. त्याच्या मुलाने फाइल मात्र न तपासता वापरावी, हे बरे नव्हे.

काहीजण म्हणतील, दुकानदार थोडक्यात काम करून देतो, मग ही यातायात कशाला? याला माझी दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, दुकानातली प्रत पुष्कळदा चोरटी असते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली कलम ६३-ब घालण्यात आले आणि चोरटा प्रोग्रॅम जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा ठरला. गंमत अशी की, २०१२ नंतर विंडोजसह विकल्या गेलेल्या बहुतेक लॅपटॉपांत परवान्याची किल्ली मदरबोर्डवरच साठवलेली असते, आणि तबकडी तयार करण्याचे साधन मायक्रोसॉफ्ट स्वतः फुकट देते. म्हणजे घरात हक्काचा परवाना असताना आपण पैसे मोजून चोरीचा माल घेतो!

दुसरे उत्तर अधिक दुखरे आहे. मावशीचा संगणक एका दुकानात दिला असता सगळी डिस्क पुसली गेली. त्यात मावसभावाची बारावीची टिपणे होती, मावसबहिणीच्या लग्नाचे फोटो होते. दुकानदाराने विचारले नाही आणि घरच्यांना सांगायचे सुचले नाही. स्वतः तबकडी तयार करणाऱ्याला मात्र कोणत्या डिस्कवर काय जाणार आहे, हे बसविताना दर पायरीवर वाचावेच लागते. चूक त्याच्याही हातून होऊ शकते. म्हणून आधी सर्व फायलींची दुसरी प्रत काढावी, आणि सोय असेल तेथे काही न बसविता 'लाइव्ह' पद्धतीने पेनड्राइव्हवरूनच यंत्र चालवून पाहावे.

लिनक्स आपल्या लोकांना जमणार नाही, ती इंग्रजी शिकलेल्यांची मिजास आहे, असेही म्हटले जाते. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने ज्याची सुरुवात केली ते लिनक्स आज कोणालाही मोफत घेता येते, वाटता येते. डेबियनची तबकडी लावून पाहा. पहिल्याच पडद्यावर भाषा विचारली जाते आणि त्या यादीत मराठी आहे, कन्नड आहे, गुजरातीही आहे. ही भाषांतरे बहुतांशी स्वयंसेवकांनी केलेली आहेत. कतारगामच्या मराठी घराला आणि या अंकाच्या दोन्ही विभागांच्या वाचकांना एकच तबकडी पुरते. काही शब्द खटकतील, अपुरे वाटतील. मग ते सुधारण्याचे काम भाषेच्या विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे; त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

आपल्या प्रयोगशाळेत 'ऑपरेटिंग सिस्टीम' या विषयावर टिपणे लिहवून घेतली जातात, परीक्षेत तिची कार्ये विचारली जातात. पण ती बसविण्याचे प्रात्यक्षिक विद्यार्थ्याने स्वतः केलेले नसते. माझी सूचना साधी आहे. प्राध्यापकांनी वर्षातून एक शनिवार यासाठी राखून ठेवावा. प्रत्येक विद्यार्थ्याने आठ गिगाबाइटचा एक पेनड्राइव्ह आणावा, इमेज तपासावी, ती उतरवावी आणि प्रयोगशाळेतल्या एखाद्या निकालात काढलेल्या संगणकावर बसवून दाखवावी. शाखा कोणतीही असो. सुटीत घरी गेल्यावर त्याच पेनड्राइव्हने शेजारच्या एखाद्या घरातला बंद पडलेला संगणक सुरू झाला, तर त्या घरचा नव्या यंत्राचा खर्च वाचेल. मंदीच्या दिवसांत ही लहान गोष्ट नाही.