पथकर घ्या, पण वाटसरूचे उत्तरदायित्वही घ्या

भिवापूर म्हटले की विदर्भाला तिथली मिरची आठवते. अलीकडे या तालुक्याला आणखी एक ओळख लाभली आहे. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचा काही भाग येथे येत असल्याने व्याघ्रदर्शनासाठी मुंबई-पुण्याची मंडळी स्वतःची वाहने घेऊन येतात. समृद्धी महामार्गाने नागपूर गाठावे आणि उमरेडमार्गे भिवापूरकडे वळावे, हा त्यांच्या सोयीचा मार्ग. पाहुणा दारात पोहोचेपर्यंत पथकराचा हिशेब मात्र त्याला पाठ झालेला असतो.

हा हिशेब सरळ नाही. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटारींना ३,००० रुपयांत वर्षभरात २०० फेऱ्यांचा पास मिळू लागला. पण तो राष्ट्रीय महामार्गांसाठी, राज्याच्या समृद्धीवर तो चालत नाही. वैध फास्टॅग नसणाऱ्याने रोख दिल्यास दुप्पट आणि यूपीआयने दिल्यास सवापट, असा दंडक राष्ट्रीय महामार्गांवर १५ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला मासिक पासची सवलत आहे. दुरून येणाऱ्याला ती नाही.

पथकरच नको, असे आमचे म्हणणे नाही. रस्ते फुकट होत नाहीत. परंतु महाराष्ट्रात या विषयाची चर्चा नेहमी 'टोल की टोलमाफी' एवढ्यातच अडकते. २०१५ साली राज्याने १२ नाके बंद केले आणि ५३ नाक्यांवर हलक्या वाहनांना सूट दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर तशीच सूट मिळाली. माफीचे स्वागत झाले, पण मूळ प्रश्न राहूनच गेला : जो कर घेतो, तो वाटसरूचे काय देणे लागतो?

याचे उत्तर आपल्याकडे फार पूर्वी दिले गेले आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात सीमेवरचा अंतपाल मालवाहू गाडीमागे सव्वा पण 'वर्तनी' घेतो. पण त्याच प्रकरणात, वाटेत हरवलेले वा चोरीला गेलेले त्यानेच भरून द्यावे, असाही नियम आहे. घेणे आणि उत्तरदायी असणे या तिथे दोन गोष्टी नाहीतच.

आधुनिक न्यायव्यवस्थाही याच निष्कर्षाला येत आहे. केरळातील पालियेक्करा नाक्यावरील वसुली, रस्त्याच्या दुरवस्थेमुळे, तेथील उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये थांबविली. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. रस्ता दुरुस्त नसेल तर कर कशाचा, हा साधा न्याय आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर नागपूरहून पुण्याकडे निघालेल्या बसमधील २५ जीव गेले. पैशाची वसुली क्षणात होते. मदतही तितक्याच तत्परतेने पोहोचावी, ही अपेक्षा अवाजवी कशी? प्रत्येक नाक्यावर रस्त्याचा खर्च, आजवरची वसुली, मुदतीची तारीख आणि जवळची रुग्णवाहिका यांची माहिती मराठीत ठळकपणे लिहिलेली असावी, ही मागणी भिवापूरपासून मुंबईपर्यंत एका सुरात व्हावयास हवी.

आणि थोडे स्वतःकडेही पाहू. नावेने नदी ओलांडताना कोणाकडून शुल्क घेऊ नये, हेही अर्थशास्त्राने सांगितले आहे : ब्राह्मण, संन्यासी, बालक, वृद्ध, रुग्ण, राजाचा संदेशवाहक आणि गर्भवती. त्यात पुढारी नाही आणि पुढाऱ्याचा भाचाही नाही. मोटारीवर पदाची पाटी लावून फुकट जाण्याचा हट्ट धरणाऱ्याला व्यवस्थेला जाब विचारण्याचा अधिकार उरत नाही. खिडकीत बसलेला तरुण बहुधा जवळच्याच गावचा असतो. दर त्याने ठरविलेला नसतो. त्याच्याशी हुज्जत घालण्यापेक्षा राष्ट्रीय महामार्गावरील खड्ड्याची, बंद दिव्याची तक्रार १०३३ वर नोंदवावी आणि तिचा पाठपुरावा करावा.

नियमाने कर भरणारा आणि नियमावर बोट ठेवून हिशेब मागणारा नागरिक, हीच व्यवस्था सुधारणारी शक्ती आहे. अतिथीला देव मानणाऱ्या समाजाने वाटेवरच्या अतिथीची एवढी काळजी घेतलीच पाहिजे.